सरकारी दार

माझे अब्बा नगरच्या कापडबाजारामागच्या एका बोळात कुलपं दुरुस्त करायचे. किल्ली हरवली, कडी वाकली, कुलूप गंजून बसलं की लोक अजीजभाईंचं दुकान विचारत यायचे. आमच्या घरी झोपण्याआधी दाराची कडी अब्बा तपासायचे, मग अम्मी तपासायची आणि दोघांवरही भरवसा नाही म्हणून शेवटी मी तपासायचे. अशा घरातल्या मुलीला बालसेविका म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती बोरवस्तीला. ही वस्ती शिंगणापूरच्या पलीकडं, आणि शनिदेवाची रीत तिथंही तशीच पाळतात. म्हणजे गावात घरं आहेत, घरांना चौकटी आहेत, पण चौकटींना दारं नाहीत. नेमणुकीचा हुकूम ऐकून अब्बा खोकला लागेपर्यंत हसले. "जा बेटी," ते म्हणाले, "तिथं आपलं दुकान मात्र चालायचं नाही."

बालवाडीची खोली गावाच्या कडेला, विहिरीच्या वाटेवर होती. दगडी भिंती, वर पत्रा, पुढं एक लिंब. चौकटीला बारदानाचा पडदा होता, तोही कुत्री पोरांच्या खाऊवर, म्हणजे सुकडीवर, तोंड टाकतात म्हणून. दुष्काळाचं साल होतं. गावातल्या बाया सकाळीच भाकरी बांधून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या आणि जाताना पोरं माझ्याकडं टाकून जायच्या. मग आमचं सुरू व्हायचं. नखं बघायची, नाकं पुसायची, टँकरचं पाणी म्हणून एका तांब्यात जमतील तेवढे हात धुवायचे, प्रार्थना, गाणी, सुकडी, आणि ऊन डोक्यावर आलं की ओळीनं बारदानावर झोप. प्रशिक्षणात मला दिनक्रमासाठी शाबासकी मिळाली होती, आणि मी ती वसूल करत होते.

बालवाडी निघायच्या आधी ही पोरं आयांबरोबर कामावरच जायची. तिथं उडत्या कपच्यांपासून लांब राहावीत म्हणून त्यांना पायाला दोरी बांधून बाभळीला अडकवायचे. चांगुणाच्या भीमाच्या घोट्यावर त्या दोरीचा वण होता. भीमाच्या पायाला भिंगरी. चालायला लागला तेव्हापासून तो घरी कमी आणि वाटेवर जास्त सापडायचा, त्यामुळे त्याची दोरी सगळ्यांत आखूड असायची. चांगुणानं पहिल्या दिवशी त्याला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाई, ही बालवाडी बंद पडू देऊ नका. पुन्हा दोरी बांधायचा जीव हुत न्हाई." मी तिला शब्द दिला. तेव्हा मला शब्द देणं फार सोपं वाटायचं.

गावात शिरल्यापासून एक गोष्ट मला खटकत होती. पहिल्याच दिवशी मी चौकटीतून सरळ आत शिरले, तर मदतनीस रंगुबाई लगबगीनं पुढं झाली. "बाई, जरा कडंनं."

मी खाली पाहिलं. विंचू नव्हता, शेण नव्हतं, झाडलेला उंबरा होता. "काय आहे इथं?"

"काय न्हाई. पन कडंनं बरं असतं."

मग मला दिसायला लागलं की गावात सगळेच कडेनं जातात. एसटीच्या दारात कुणी ट्रंकेवर बसलं असेल तर आपण जसे अंग चोरून, एक खांदा पुढं काढून उतरतो, तसे. कडेवर पोर असलेल्या बायाही तशाच, आणि सरपंच गहिनीनाथ, ज्यांचं पोट त्यांच्या आधी खोलीत यायचं, तेही तसेच. मी मनाशी म्हटलं, चौकटी अरुंद आहेत, लोकांना सवय लागली आहे. मग अब्बांकडून आणलेली माप घ्यायची पट्टी लावून बघितली. चौकट चांगली ऐसपैस होती.

मुलं तर आत येताना म्हणायचीसुद्धा, "जरा सरका." गावातल्या पोरांना अहोजाहो कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. सरपंचांना ती "ए गयन्या" म्हणायची आणि मला, फार शिकवल्यावर, "ए बाई". पण उंबऱ्यात आलं की सगळी एकदम खानदानी. "जरा सरका," मग वाट बघायची, मग आत. मी म्हटलं, चला, निदान एक वळण तरी चांगलं आहे, आणि अहवालात 'सौजन्य' या सदराखाली ते लिहून टाकलं.

सुकडी मिळाली की चिमूटभर उंबऱ्यावर ठेवायची, हीही त्यांची पद्धत. मी रागावले. मुंग्या होतील म्हणून स्वच्छतेवर छान भाषण दिलं. मुलांनी ते तोंड उघडं टाकून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुकडी ठेवली. मुंग्या मात्र कधी झाल्या नाहीत. जरा वेळानं बघावं तर उंबरा पुसल्यासारखा असायचा. शिवाय त्या जागेत गारवा होता. पत्रा तापून खोलीत भाकरी भाजेल अशी हवा असायची, पण चौकटीच्या मधोमध हात नेला की मातीच्या नव्या घड्याला लावल्यासारखं वाटायचं. मी हुशारी करून पाण्याचा माठ तिथं ठेवला. पोरांनी आणि रंगुबाईनं मिळून तो गुपचूप कोपऱ्यात नेऊन ठेवला. मीही मग नाद सोडला.

नाद सोडायला आणखी एक कारण होतं. या सगळ्यात माझा फायदा होता. दार नाही, कडी नाही, रंगुबाई पाण्याला गेली की मी एकटी, आणि एवढी पोरं. पण एकही पोर कधी उंबरा ओलांडून बाहेर गेलं नाही. भीमासुद्धा. तो दिवसातून कितीदा तरी तुरुतुरु चौकटीपर्यंत जायचा, थांबायचा, वर बघायचा. बसलेल्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडं बघावं एवढंच वर. मग कुणी दटावल्यासारखी मान खाली घालून परत यायचा. मला त्याची गंमत वाटायची. आपल्या शिस्तीचा परिणाम, असं मी समजत होते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानही होता.

मग तालुक्याहून निरोप आला. बालवाडीची मंजुरी तात्पुरती होती, ती कायम करायची तर मुख्यसेविका मुक्ताबाई तपासणीला येणार होत्या. नियमाप्रमाणे खोलीला दार हवं, दाराला मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कडी हवी, आणि झोपेच्या वेळी दार बंद हवं. दार नाही तर मंजुरी नाही. मला तर आनंदच झाला. इतके दिवस मला उघड्या खोलीत काम करताना उघड्या डोक्यानं फिरल्यासारखं वाटत होतं.

गावात मात्र बैठक बसली. गहिनीनाथ म्हणाले, "बाई, आमी दार लावलं तर देव म्हनंल, माझ्यावर इस्वास न्हाई व्हय? उद्या कुनाचं डोळं गेलं म्हंजे?"

"मग बालवाडी बंद," मी म्हणाले. "पोरं पुन्हा बाभळीला."

मागं बायांच्यात चांगुणा बसली होती. ती गहिनीनाथांकडं अशी बघत राहिली की त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. शेवटी त्यांनीच तोड काढली. "दार बसवू. पन ते गावाचं न्हाई, सरकारी दार हाय. सरकारचं देव काय वाकडं करीत न्हाई, इतकी वर्सं बघतोय आपन."

यावर सगळे खूश झाले. फक्त सुतार मच्छिंद्र डोकं खाजवत होता. त्यानं जन्मभर औतं, तिफणी आणि गाड्यांची चाकं केली होती, दार कधीच केलं नव्हतं. त्याच्या बापानंही नव्हतं केलं. मग तो दारं बघायला घोडेगावच्या बाजारात गेला आणि परत येऊन कामाला लागला. काम सुरू करायच्या आधी त्यानं मला विचारलं, "बाई, आत घ्यायचं का भायेर ठिवायचं?"

"काय?"

मच्छिंद्रनं रंगुबाईकडं पाहिलं. रंगुबाईनं लिंबाकडं पाहिलं. "दार," तो म्हणाला.

"बाहेर उघडू दे. आत मुलं झोपतात."

"म्हंजे भायेर," तो म्हणाला. "बरं. तुमची मर्जी."

दार झालं. फळ्या कमी पडल्या म्हणून खाली वीतभर फट होती, पण दार दणकट होतं. फक्त कडी बाहेरच्या बाजूला होती. मी कपाळावर हात मारला. मच्छिंद्रला समजेना, बाई का चिडल्या. त्यानं बाजारातली दारं रस्त्यावरून बघितली होती, आणि रस्त्यावरून बघितलं तर सगळ्या बंद दुकानांना कड्या बाहेरच असतात. "आत कडी लावून आतला मानूस काय करंल?" त्यानं विचारलं. कुलूपवाल्याच्या मुलीनं पुन्हा कपाळावर हात मारला. आणि दुरुस्त करायला वेळही नव्हता. जीप दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

मुक्ताबाई ठेंगण्या, गोऱ्या आणि कडक इस्त्रीच्या होत्या. बालवाडीत शिरताना त्या उंबऱ्याच्या बरोब्बर मधून गेल्या. मुलं एकदम "आं" म्हणाली. बाईंनी पदर लपेटून घेतला, खोली छान थंड आहे म्हणाल्या, आणि नखं बघायला बसल्या. नखं उत्तम निघाली. सुकडी चाखून बघितली, तीही उत्तम निघाली. मग त्या दाराकडं वळल्या.

"कडी बाहेर?"

"मुलांचा हात लागू नये म्हणून," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं.

मुक्ताबाईंनी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बाकीच्या गावांत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही," त्या म्हणाल्या. "झोपेची वेळ झाली ना? लावून दाखवा. मी आतच थांबते."

मी रंगुबाईला बाहेर पाठवलं आणि दार लावून कडी घालायला सांगितलं. दार बंद झालं. आत एकदम अंधार झाला, खालच्या फटीतून तेवढी उजेडाची पट्टी आली. जन्मात त्या मुलांनी बंद दार बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता रडारड होणार. पण नाही. सगळी बारदानावर उठून बसली होती आणि दाराकडं बघत होती.

"बाई," भीमा म्हणाला, "त्यो भायेरच ऱ्हायला."

"कोण रे?"

त्यानं अंगठा तोंडात घातला.

मुक्ताबाई समाधानानं म्हणाल्या, "छान. उघडा आता."

मी हाक मारली. रंगुबाईनं ओ दिली नाही. मी दार ढकललं. कडी घातलेलं दार मला चांगलं माहीत आहे. ते ढकललं की लोखंड वाजतं आणि दार तिथंच अडतं. हे दार वाजलं नाही. ते थोडं पुढं गेलं, आणि सावकाश परत आलं. बाहेरून कुणी पाठ टेकून बसलं असेल तर येईल तसं.

"कुणी बसलंय का बाहेर?" मुक्ताबाईंनी विचारलं.

मी खाली फटीकडं पाहिलं. उजेडाची पट्टी मधोमध तुटली होती.

आम्ही दोघींनी मिळून ढकललं. दार पुन्हा थोडं गेलं. पुन्हा आलं.

खोली थंड होत चालली होती. मुक्ताबाईंच्या कपाळावर मात्र घाम होता.

मुलं खालच्या फटीकडं बघत होती.

मुक्ताबाईंनी घसा साफ केला. दाराच्या फळीजवळ तोंड नेलं. जीपमधून उतरल्यापासून त्या एवढ्या मऊ आवाजात कुणाशीच बोलल्या नव्हत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा सरका. हवं तर आत या. पण सरका."

दार उघडलं.

बाहेर लखलखीत ऊन होतं. लिंबाखाली जीपचा ड्रायव्हर तोंडावर टोपी घेऊन झोपला होता. उंबऱ्यात कुणी नव्हतं. विहिरीच्या वाटेनं रंगुबाई डोक्यावर हंडा घेऊन येत होती. कडी घालायची राहून, तशीच लोंबत होती.

"कडी का घातली नाहीस?" मी विचारलं.

"मला कुठं येती घालाया?" रंगुबाई म्हणाली. "जल्मात कधी घातली हुती? मी नुसतं दार लोटलं आन पान्याला गेल्ते."

मुक्ताबाईंनी चहा घेतला नाही. कायम मंजुरीच्या कागदावर त्यांनी जीपच्या बॉनेटवरच सही केली. "दार आहे एवढं पुरे," त्या म्हणाल्या, "लावायलाच पाहिजे असं काही नाही. उघडं ठेवत जा. हवा खेळती राहते." जीप गेली तेव्हा ड्रायव्हरच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी आम्ही पुढच्या टपालाच्या माणसाबरोबर पाठवली.

संध्याकाळी बाया कामावरून आल्या आणि बालवाडी कायम झाल्याचं कळलं तेव्हा चांगुणानं माझे हात धरले. मला रडू आलं, आणि ते लपवायचं मला सुचलं नाही. त्या आनंदात मी एक गोष्ट बघितली आणि तिचा आनंदच मानला. मुलं घरी जाताना उंबऱ्याच्या मधून, सरळ, धडाधड बाहेर पडत होती. सरका नाही, थांबणं नाही. मी रंगुबाईला म्हणाले, "बघितलंस? दार बसल्याबरोबर नीट चालायला लागली."

रंगुबाई अंगणातच उभी होती. तिच्या हातात झाडू होता. "बाई," ती म्हणाली, "आज आतलं तुमीच झाडा."

दुसऱ्या दिवशी नखं, नाकं, प्रार्थना, सुकडी, सगळं ठरल्याप्रमाणं झालं. सुकडीची चिमूट उंबऱ्यावर कुणी ठेवली नाही. मुलं झोपली. मी सुकडीचा डबा बंद करायला पाठ वळवली, आणि मागं वळून बघते तर भीमाची जागा रिकामी होती.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. विहिरीच्या वाटेवर चप्पल कुठं निघाली तेही नाही. टँकरनं नुकतंच पाणी ओतलं होतं, काठ ओला होता, आणि भीमा काठावर ओणवा होऊन आत बघत होता. मी त्याचा सदरा मागून धरला. सदरा टराटरा फाटला, पण पोर हातात आलं. त्याला छातीशी धरून मी तिथंच खाली बसले. तो मात्र खुशीत होता. बालवाडीतून इतक्या लांब तो पहिल्यांदाच आला होता.

परत आले तर रंगुबाई लिंबाखाली उभी होती. माझ्याकडं बघून तिला सगळं कळलं.

"आता दारात कुनी न्हाई, बाई," ती म्हणाली. "बोलावलं तवा आत गेलं. दारात बसावं लागंल."

"कुणी?"

"ज्याला पोरांची काळजी हाय त्यानं."

मला राग आला. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टी मानत नव्हते. मग मी स्वतःला पटवलं की मुलं पळतात, दार लावायला मन घेत नाही, तेव्हा बाईनं उंबऱ्यात बसून राहणं हा साधा शहाणपणा आहे. चांगुणाला मी शब्द दिला होता. त्या दुपारपासून मी बसायला लागले. अब्बांना पत्रात लिहिलं, तुमची मुलगी आता स्वतःच कडी झाली आहे. ते वाचून ते पुन्हा खोकेपर्यंत हसले असतील.

उपाय लागू पडला. भीमा तुरुतुरु यायचा, थांबायचा, वर माझ्या तोंडाकडं बघायचा आणि मान खाली घालून परत जायचा. मी दटावायचेही नाही. पहिले काही दिवस पाठ दुखली, मग दुखायची थांबली. उन्हाचाही त्रास होईना. मुलं माझ्या मागं ओळीनं झोपायची आणि मला मान वळवून बघावंसुद्धा लागायचं नाही, कारण मागून सारखा थोपटल्याचा आवाज यायचा. हलका, एका लयीत, एका मुलाकडून दुसऱ्याकडं सरकत जाणारा. रंगुबाई आताशा मनापासून काम करते, असं मी मनात म्हणायचे आणि डोळे मिटायचे.

एकदा असाच थोपटल्याचा आवाज चालू होता आणि विहिरीच्या वाटेनं रंगुबाई येताना दिसली. डोक्यावर हंडा, हातात कळशी. मी तिच्याकडं बघून हसले. ती माझ्यापर्यंत आली. माझ्याकडं बघितलं नाही. अंग चोरलं, एक खांदा पुढं काढला आणि माझ्या कडेनं आत गेली.

आत तिनं हंडा उतरवला.

"बाई," ती म्हणाली, "पानी आनलंय."

थोपटायचं थांबलं.

"हळू ठेव," आतून कुणीतरी म्हणालं. "आत्ताच डोळा लागलाय पोरांचा."